नवं तंत्र गावात कसं रुजतं? सोलापुरात पहिलं संशोधन करणाऱ्यांसाठी

सांगोला तालुक्यातल्या एका वस्तीवर मी माझ्या पहिल्या सर्वेक्षणासाठी गेले होते. प्रश्नावलीतला सातवा प्रश्न होता, "आपण ठिबक सिंचन वापरता का?" समोरचे आजोबा "हो" म्हणाले, मी "हो"पुढे खूण केली आणि आठव्या प्रश्नाकडे वळले. निघताना गोठ्याशेजारच्या बाभळीला काळ्या नळ्यांची वेटोळी टांगलेली दिसली. उन्हानं पांढुरकी पडलेली, ड्रीपरच्या तोंडाशी क्षाराची पुटं साचलेली. "हे काय?" म्हटलं, तर आजोबा म्हणाले, "ठिबकच की ते. बोअरचं पाणी खारं, दोन सालात बसलं गच्च. आता पाटानंच देतो. पर हाय की ठिबक आपल्याकडं."

ते खोटं बोलले नव्हते. माझा प्रश्नच कच्चा होता. त्याआधी भरलेल्या तीसेक फॉर्मांवरच्या सगळ्या खुणा त्या क्षणी माझ्यासाठी बिनकामाच्या झाल्या आणि मी ती घरं पुन्हा फिरले. नवी गोष्ट माणूस एका दिवसात घेत नाही. तो आधी ऐकतो, मग दुसऱ्याचं बघतो, थोडं करून पाहतो, आपल्या सोयीनं बदलतो, आणि पुढे टिकवतो किंवा सोडून देतो. हा सगळा प्रवास नोंदवता आला तर तुमचं संशोधन उभं राहील. एम.ए., एम.एस.डब्ल्यू., एम.एड., कृषी किंवा व्यवस्थापनाचा प्रकल्प म्हणून जे हा विषय पहिल्यांदाच हातात घेताहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पायरी १ : विषय हातात धरता येईल एवढा करा

"सोलापूर जिल्ह्यातील कृषी नवोपक्रमांचा अभ्यास" हा विषय दर वर्षी कुणी ना कुणी घेऊन येतं. जिल्ह्यात ११ तालुके, बार्शीची शेती वेगळी, माळशिरसची वेगळी, अक्कलकोटची आणखी वेगळी. चार महिन्यांत त्यातून काही हाती लागत नाही. एकच वस्तू किंवा एकच रीत निवडा, एकच गाव निवडा.

उदाहरण घ्या. डाळिंबाच्या खोडाला बारीक छिद्रं पाडणारा भुंगेरा असतो, शेतकरी त्याला "पिन होल" म्हणतात. तो लागू नये म्हणून खोडाला गेरूत कीटकनाशक आणि बुरशीनाशक कालवून मुलामा देतात. रस्त्यावरून जाताना लाल खोडं नजरेत भरतात. खर्च फार नाही, आणि एका ओळीवर करून बघता येतं. असा विषय नवख्या संशोधकाला पेलतो, कारण उत्तर तोंडी मिळण्याआधी ते डोळ्यांना दिसतं.

याउलट डाळिंबावरच्या तेल्या रोगाचं व्यवस्थापन घ्या. बागेची स्वच्छता, रोगट फांद्या-फळं जाळणं, कात्री निर्जंतुक करणं, बहार (फुलोऱ्याचा हंगाम) कोणता धरायचा हे ठरवणं, अशी ती कामांची साखळी आहे. आणि ती नीट पाळली तर काय दिसतं? काहीच नाही, रोग येत नाही एवढंच. जे घडलं नाही ते शेजाऱ्याला दाखवता येत नाही, म्हणून अशी प्रतिबंधक तंत्रं नेहमी सावकाश पसरतात. विषय उत्तम आहे, पण पहिल्याच खेपेला अंगावर घेऊ नका.

निवडलेल्या वस्तूला पाच प्रश्न विचारून बघा. जुन्यापेक्षा फायदा किती? आपल्या रीतीभातीत बसतं का? समजायला आणि करायला अवघड किती? थोडं करून पाहता येतं का? दुसऱ्याच्या नजरेला पडतं का? ही कसोटी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांची, आणि ती शिवारात खरोखर उपयोगी पडते.

पायरी २ : थोडं वाचा, पण नेमकं

या विषयाची गंगोत्री अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आहे. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी तिथल्या दोन वस्त्यांमधल्या २५९ शेतकऱ्यांना संकरित मक्याबद्दल विचारलं आणि १९४३ मध्ये निष्कर्ष छापले. १९२८ ते १९४१ या काळात दोघं सोडून बाकी सगळ्यांनी ते बियाणं घेतलं होतं. पण पहिल्यांदा ऐकल्यापासून सगळ्या रानात पेरेपर्यंत सरासरी नऊ वर्षं गेली. बियाण्याची पहिली खबर जवळपास निम्म्यांना विक्रेत्याकडून मिळाली, भरवसा मात्र शेजाऱ्यामुळे बसला. हा फरक मनात पक्का ठेवा, पुढे प्रश्न विचारताना तो लागणार आहे.

रॉजर्स (१९३१–२००४) याच आयोवातल्या शेतकऱ्याचे चिरंजीव. त्यांच्या वडिलांना नव्या यंत्रांची हौस होती, पण संकरित मक्यावर विश्वास नव्हता. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला आणि त्यांचा वाळून गेला. यंत्राच्या बाबतीत पुढे असणारा माणूस बियाण्याच्या बाबतीत मागे का राहतो, हे कोडं मुलानं घरातच पाहिलं होतं. १९६२ साली त्यांनी घेणाऱ्यांचे पाच गट मांडले: अगदी पहिले २.५ टक्के, त्यामागचे १३.५, मग ३४, पुन्हा ३४ आणि शेवटचे १६. प्रबंधात ही टक्केवारी सर्रास येते. पण तुम्ही ४० शेतकऱ्यांना भेटणार असाल तर २.५ टक्के म्हणजे एक माणूस. एका माणसाला "गट" म्हणून तक्ता करू नका, त्याची गोष्ट सविस्तर लिहा.

घरबसल्या वाचायला विद्यापीठांचे प्रबंध असलेलं "शोधगंगा" आणि कृषी विद्यापीठांचे प्रबंध असलेलं "कृषिकोश" ही दोन संकेतस्थळं पुरेशी आहेत. कृषी विस्ताराच्या प्रबंधांत "अवलंब" (नवी गोष्ट घेऊन वापरणं) हा शब्द शोधा, शिक्षणाच्या प्रबंधांत "नवोपक्रम". शेतकरी यातलं काहीच म्हणत नाही. तो म्हणतो "नवीन काढलंय". प्रश्नावलीत त्याचा शब्द वापरा. जिल्ह्याचे आकडे हवे असतील तर जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचं "जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन" बघा.

सोलापूरकरांची एक मोठी सोय आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून केगावला आहे, आणि २००४ साली स्थापन झालेलं आपलं विद्यापीठही केगावलाच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र शहरात आहे. तंत्र जिथे तयार होतं ती जागा आणि ते जिथे वापरलं जातं ती बाग, दोन्ही एका दिवसात बघून होतात.

मात्र तंत्र नेहमी केंद्रातून शेताकडे जातं असं धरून चालू नका. उत्तर सोलापुरातल्या नान्नजचे द्राक्ष बागायतदार नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसच्या बागेत वेगळा निघालेला वेल हेरला आणि त्यातून "सोनाका" हे लांब मण्यांचं वाण वाढवलं. सोलापूर, नान्नज, काळे यांची आद्याक्षरं म्हणजे सोनाका. आपल्या गावात असं स्वतः काही काढलेलं कुणी आहे का, हे पहिल्या दिवशी विचारा. बहुतेक गावांत एखादा निघतो, फक्त त्याचं नाव कुठल्या यादीत नसतं.

पायरी ३ : प्रश्नावलीआधी शिवारफेरी

किमान चार दिवस कागद न काढता फिरा. सहायक कृषी अधिकाऱ्यांना (आधीचे कृषी सहायक) भेटा, पण लगोलग कृषी सेवा केंद्राच्या कट्ट्यावरही बसा. औषधाच्या दुकानात सकाळी दहाला जो संवाद चालतो तो दुसरीकडे ऐकायला मिळत नाही. शेतकरी मोबाइलवर पानाचा फोटो दाखवतो, दुकानदार बाटली काढतो, शेजारी उभा असलेला तिसरा माणूस म्हणतो, "हे मारलं व्हतं मी, फरक न्हाई पडला." तुमचं अर्धं संशोधन या तिघांत आहे.

भाषेचं आधीच ठरवा. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात घराघरांत कन्नड आहे, शहराच्या पूर्व भागात तेलुगू. ही मंडळी तुमच्याशी मराठीत छान बोलतील, पण पैशाचं आणि भांडणाचं बोलणं घरच्या भाषेत होतं. ती भाषा बोलणारा मित्र किंवा मैत्रीण सोबत असू द्या.

वेळही बघा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत शहरात कामाचं कुणी भेटत नाही, आषाढीला पंढरपूरकडची गावं वारीत गुंतलेली असतात, ज्वारीची काढणी सुरू झाली की कुणाला बसायला सवड नसते. हुरड्याचे दिवस मात्र सोडू नका. आगटीभोवती माणूस मोकळा बोलतो.

पायरी ४ : साल कसं विचारायचं

माझ्या मते सगळ्यात जास्त कष्ट इथे घ्यावेत. "तुम्ही हे कधी सुरू केलं?" या प्रश्नाला "झाली की सात-आठ वर्षं" असं उत्तर येतं. ते तक्त्यात भरलं की पुढची सगळी आकडेमोड त्या "सात-आठ"वर उभी राहते. माणसाला सनावळी आठवत नाही, प्रसंग आठवतात. म्हणून घटनांचा आधार घ्या. नोटाबंदीच्या आधी की नंतर? लॉकडाऊनमध्ये बाग किती वर्षांची होती? २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरनं जगवली होती का? थोरलीच्या लग्नाआधी की नंतर? एका कोऱ्या कागदावर आडवी रेघ ओढा, त्यावर हे प्रसंग मांडा आणि कागद त्यांच्यासमोर ठेवा. पाच मिनिटांत घरातली माणसं आपसांत वाद घालून नेमकं साल काढून देतात. तो वादही लिहून घ्या.

मग हे प्रश्न, याच क्रमानं. पहिल्यांदा कुणाकडून ऐकलं? कुणाचं बघून करायचं ठरवलं? पहिल्या वर्षी किती झाडांवर, किती गुंठ्यांवर केलं? सांगितलं होतं तसंच केलं की काही बदललं? मध्ये कधी सोडलं होतं का? आज दाखवता का?

पहिले दोन प्रश्न एकत्र करू नका. आयोवातला विक्रेता आणि शेजारी आठवा. आपल्याकडे ऐकणं यूट्यूबवर किंवा व्हॉट्सअॅपच्या गटात होतं, पण "कुणाचं बघून" याचं उत्तर बऱ्याचदा मेहुणा, पाहुणा किंवा बांधाला बांध असलेला माणूस असं येतं. "काही बदललं का" हा प्रश्न तर कधीच गाळू नका. गेरूच्या पेस्टमध्ये कुणी चुना घालतो, कुणी शेण, कुणी ब्रशऐवजी पोत्याचा बोळा वापरतो. सल्ला देणाऱ्याच्या लेखी ही चूक असेल, आपल्यासाठी मात्र ती माहितीची खाण आहे. माणूस जे बदलतो तेच त्यानं आपलं मानलेलं असतं.

"आज दाखवता का?" विचारल्यावर उठून शेतात जा. बाभळीवरची वेटोळी मला खुर्चीत बसून दिसली नसती.

नमुना निवडताना लाभार्थ्यांच्या यादीवर थांबू नका. अनुदान घेतलेल्यांची यादी म्हणजे घेणाऱ्यांचीच यादी, न घेणारा तिच्यात येणारच नाही. गाव नमुना ८ अ या जमिनीच्या खात्यांच्या नोंदीवरून खातेदार घ्या. आणि कोण कुणाकडून शिकलं हे शोधायचं असेल तर पाच गावांतले दहा-दहा शेतकरी घेण्यापेक्षा एका वस्तीतली सगळी घरं घ्या. विखुरलेल्या नमुन्यात शेजारी सुटतो, आणि शेजारी सुटला की धागाच तुटतो.

पायरी ५ : शाळेत गेलात तर

शाळेत कुणी एकट्यानं ठरवून फार काही बदलत नाही. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, शाळा व्यवस्थापन समिती, वरून आलेलं परिपत्रक, सगळे त्यात असतात. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये पॉल मॉर्ट यांनी गेल्या शतकात दाखवून दिलं होतं की अमेरिकेतल्या शाळांत नवी पद्धत पसरायला काही दशकं लागत. बालवाडीला जवळपास ५० वर्षं लागली.

आपल्याकडचं उदाहरण साताऱ्याच्या कुमठे बीटचं (शाळांच्या गटाचं) आहे. तिथली ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकण्याची, पद्धत बघायला राज्यभरातून शिक्षक गट करून गेले, २२ जून २०१५ ला "प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र"चा शासन निर्णय निघाला आणि गावोगावच्या वर्गांत फरशीवर अंकांची, अक्षरांची चित्रं रंगवली गेली. रंगवणं म्हणजे अवलंब का? मी विद्यार्थ्यांना सांगते, फरशीजवळ बसा आणि रंग कुठे पुसट झालाय ते बघा. मुलं गुडघे टेकून, हात फिरवून जिथे खेळतात तिथला रंग आधी जातो. चित्र नवंकोरं चकचकीत असेल तर शिक्षकांशी थोडं अधिक बोलावं लागेल, आणि ते आरोपाच्या सुरात नको. त्यांच्याकडे कदाचित दोन वर्ग असतील, कदाचित शाळाबाह्य कामांत आठवडा गेला असेल.

वर्गात तीन दिवस मागे सतरंजीवर बसा. पहिल्या दिवशीचा तास तुमच्यासाठी असतो, तिसऱ्या दिवशीचा मुलांसाठी.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचं त्यांचं काम त्यामागे होतं, आणि १० लाख डॉलरच्या रकमेतली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. अशा उदाहरणांवर लिहायला सगळ्यांना आवडतं. पण संशोधकानं विचारायचा प्रश्न साध्या शाळांत आहे: उपक्रमशील शिक्षकाची बदली झाल्यावर मागे काय उरलं? जिल्हा परिषदेच्या शाळांत बदली अटळ असते. बदलीआधीचं आणि नंतरचं वर्ष शेजारी ठेवून कुणी दहा शाळा बघितल्या तर तो प्रबंध मी आवर्जून वाचेन.

पायरी ६ : कारखाना, पतसंस्था, दूध संस्था

इथे विकत घेणारा एक आणि वापरणारा दुसरा. मालक नवे माग आणतो, ते चालवतो कामगार, आणि बिघडले की धावतो जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारा. तिघांना वेगवेगळं भेटा. मालकाला "का घेतले" विचारा, जॉबरला "काय जमवून घ्यावं लागलं" विचारा, आणि कामगाराला "आधी किती माग सांभाळत होता, आता किती, आणि दर कसा बदलला" हे विचारा. कामगाराशी कारखान्याच्या आवारात बोलू नका. मागांच्या खडखडाटात ऐकू येत नाही हे एक, आणि मालकाच्या नजरेसमोर खरं उत्तर मिळत नाही हे दुसरं. चहाच्या टपरीवर, त्याच्या वेळेनं भेटा. नाव, कारखान्याचा पत्ता, मागांची नेमकी संख्या असं ओळख पटेल ते काहीही लिहू नका.

संगणकीकरणाचा अभ्यास करणाऱ्यांनी टेबलाच्या खणात काय आहे ते बघावं. टॉवेलच्या एका छोट्या कारखान्यात मी स्टॉकचं सॉफ्टवेअर बघायला गेले होते. पडद्यावर सगळं होतं, आणि दिवाणजींच्या हाताशी लाल कापडी बांधणीची वहीही होती, त्याच दिवसाच्या नोंदींसह. "वीज गेली तर?" एवढंच ते म्हणाले. वर्षभर दोन्ही चाललं. वही कोणत्या महिन्यात बंद झाली ते शोधा. तुमच्या संशोधनासाठी खरेदीच्या पावतीपेक्षा तो महिना मोलाचा.

पायरी ७ : ज्यांनी घेतलं नाही त्यांच्याकडे जा

रॉजर्स यांच्या शेवटच्या गटाचं मराठी भाषांतर प्रबंधांत "मागासलेले" असं करतात. कृपा करून करू नका. "उशिरा घेणारे" म्हणा. न घेण्याचा दोष माणसाच्या स्वभावावर टाकणं ही या विषयातली जुनी खोड आहे, आणि नवं ते चांगलंच असं गृहीत धरणं ही दुसरी. या दोन्हींबद्दल खुद्द रॉजर्स यांनीच सावध केलं आहे.

मंगळवेढ्याची ज्वारी बघा. संकरित वाणं आली तेव्हा खरिपाच्या ज्वारीत ती झपाट्यानं पसरली. रब्बीत मात्र मालदांडी टिकून राहिली. मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक वाणातून निवडलेली मालदांडी एम ३५-१ आज इतक्या दशकांनंतरही पेरली जाते. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात परतीच्या पावसाची ओल धरून ती वाढते, भाकरी गोड होते, आणि कडबा जनावरं आवडीनं खातात. नुसते धान्याचे क्विंटल मोजणाऱ्याला तिथला शेतकरी हट्टी वाटला असता. ज्यानं भाकरी आणि कडबा दोन्ही हिशेबात धरले त्याला तो पटला असता. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं.

म्हणून न घेणाऱ्याला "का नाही घेतलं?" असं विचारू नका, त्यात जाब असतो. "तुमच्याकडे याऐवजी काय करता?" असं विचारा. मग बोअरला पाणी किती, कर्ज कुणाचं, घरात हात किती, हे आपोआप निघतं.

पायरी ८ : परत जा

लिहून झालं की निष्कर्षांची दोन पानं सोप्या मराठीत काढा आणि गावात जाऊन वाचून दाखवा. महाविद्यालयात सादरीकरण करण्याआधी जा, म्हणजे दुरुस्ती करता येते.

मी सांगोल्याच्या त्या वस्तीवर परत गेले तेव्हा देवळापुढच्या पारावर वाचत होते. "खाऱ्या पाण्यामुळे ठिबक दोन वर्षांत बंद पडलं," असं माझं वाक्य होतं. आजोबांनी मान डोलावली. मागे बायकांत बसलेली त्यांची सून म्हणाली, "खारं तर आधीपासनंच व्हतं. दर पंधरा दिवसाला ड्रीपर काढून मी धुवत हुते, तवर चालू व्हतं. धाकट्याच्या येळंला बाळंतपणाला माहेरी गेले, तिथनं बंद पडलं."

सातबारा आजोबांच्या नावावर होता, अनुदानाचा अर्जही त्यांचाच, आणि मी दोन्ही वेळा त्यांनाच विचारलं होतं. त्या रात्री मी वाक्य खोडलं आणि फॉर्मच्या पहिल्या पानावर एक प्रश्न वाढवला: याचं रोजचं काम घरात कोण करतं? त्या माणसाचं नाव ओळीत लिहायचं आणि उरलेली प्रश्नावली त्याच्यासमोर किंवा तिच्यासमोर बसून भरायची.